‘हसा’ म्हणणारा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण माझ्या उजेडात कुणी कधी अभ्यास केला नाही की कुणाला माझ्यामुळे वाट सापडली नाही. मी म्हणजे पत्र्याची एक लांबट पेटी. पोटात दोन ट्यूबलाइट, समोर लाल काच, आणि काचेवर ठळक पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: ‘हसा’. ज्याला विनोद उशिरा कळतो त्याला तुम्ही ‘ट्यूबलाइट’ म्हणून चिडवता ना? मग ज्याच्या पोटातच दोन ट्यूबलाइट आहेत, त्याच्यावर लोकांना वेळेवर हसवायची जबाबदारी टाकणाऱ्याला काय म्हणावे? पेटलो की माझा चोक गुणगुणतो, विझलो की पत्रा तडतडत राहतो. स्वस्थ बसणे माझ्या नशिबी कधी नव्हतेच.

माझा जन्म पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात झाला. माझ्या शेजारी ‘प्रवेश बंद’, ‘हात लावू नये’, ‘येथे गाडी लावू नये’ अशा पाट्या वाळत घातल्या होत्या. त्या सगळ्या नको नको म्हणणाऱ्या, आणि त्यांच्यात मी एकटाच लोकांना काहीतरी चांगले करा म्हणून सांगणारा. मला कोण अभिमान वाटला! रंगाऱ्याने ‘सा’चा काना जरा तिरका काढला होता. पण आपला शब्दच हसतो आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

तिथून मला एका स्टुडिओत नेले. तिथे दर आठवड्याला टीव्हीसाठी गाड्यांचा कार्यक्रम होत असे. एका बाजूला टायरांच्या चळती, मधे फिरता गोल ओटा, त्यावर त्या आठवड्याची गाडी, आणि समोर पायऱ्यापायऱ्यांवर प्रेक्षक. मला गाडीच्या वर, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने, प्रेक्षकांकडे तोंड करून टांगले. माझी वायर खाली ताईच्या हातातल्या बटणाला जोडलेली होती. रेकॉर्डिंगच्या वेळी कुणी कुठे उभे राहायचे, कधी थांबायचे, कधी सुरू करायचे, हे सगळे ती बघायची. तिच्याहून मोठी माणसेही तिला ताईच म्हणत.

कार्यक्रम सादर करणाऱ्याचा आवाज असा होता की कुजबुजला तरी गेटवरचा पहारेकरी दचकावा. म्हणून त्याला सगळे ‘हॉर्न’ म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. विनोद संपायच्या किंचित आधी ताई बटण दाबायची, मी पेटायचो आणि हशा उसळायचा. “ही गाडी शून्यावरून साठवर जाते, पण आधी अर्ज करावा लागतो!” मी पेटलो, लोक हसले. “रंग छान आहे. परीक्षण संपलं!” पुन्हा पेटलो, पुन्हा हसले. कार्यक्रम संपला की हॉर्न मान वर करून मला सलाम ठोकायचा. “खरा हिरो तो बघा, वर लटकलाय!” म्हणायचा. मी मनातून लाल व्हायचो. बाहेरून तर होतोच.

पण मित्रांनो, गाड्यांना कितीही बोलले तरी त्या रडत नाहीत, आणि जो रडत नाही त्याला किती दिवस बोलणार? हळूहळू हॉर्नचा मोर्चा माणसांकडे वळला. तोतऱ्या मेकॅनिकची नक्कल झाली. गाडी मागे घेताना भिंतीला भिडवणाऱ्या बायका झाल्या. जाड माणूस छोट्या गाडीत कसा शिरतो, तेही करून दाखवून झाले. हॉर्नच्या जिभेला हाड नव्हते, आणि ते बसवायची कुणाला घाईही नव्हती. रागावलेल्या लोकांचे फोन येत. निर्माता खूश होऊन म्हणे, “चिडले म्हणजे बघतायत! चालू द्या.”

ताई बटण दाबत राहिली. ती स्वतः गाडी इतक्या सफाईने लावायची की पहारेकरी बघत राहायचा. तरी बायकांवरच्या विनोदालाही तिने बटण दाबले. एकदा माझ्याखाली बसून डबा खाताना मेकअपवाली तिला म्हणाली, “तुला राग नाही येत गं?”

“येतो की,” ताई म्हणाली. “पण घरी बाबा हसतात ना.”

मग तिने जे सांगितले, ते ऐकल्यापासून मी पेटताना जरा थरथरू लागलो. तिचे बाबा ट्रक चालवायचे. बाबांचा धाकटा भाऊ, म्हणजे ताईचा काका, त्यांच्याबरोबर असायचा. एक जण चालवायचा, दुसरा मागच्या बाकावर पाठ टेकायचा. एका पहाटे वळणावर ट्रक खाली गेला. बाबा वाचले, बाकावर झोपलेला काका गेला. बाबांचा डोळा लागला होता की ब्रेक लागला नव्हता, हे चौकशीत ठरले नाही आणि बाबांनाही सांगता येईना. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. भावाचे नावही काढले नाही.

“दिवसभर भिंतीकडे बघत असतात,” ताई म्हणाली. “फक्त आपला कार्यक्रम लागला की खदखदून हसतात. हसून झालं की श्वास ओढताना शिट्टी वाजते त्यांची. लहानपणापासून ऐकतेय मी ती. आठवड्यातून एकदा आमच्या घरात हसू येतं, आणि ते हा हॉर्न आणतो. मग काय बोलू मी त्याला?”

पुढे जुन्या ट्रकांवर खास भाग करायचे ठरले. ते कळल्यावर बाबा आपण होऊन म्हणाले, “मला न्यायला जमेल का गं?” इतक्या वर्षांत त्यांनी प्रथमच कुठे जाऊ या म्हटले होते. ताईने हॉर्नच्या भाषणाचे कागद दोनदा वाचले. त्यात इंजिनाची, धुराची, कर्णकर्कश भोंग्याची थट्टा होती. ड्रायव्हरबद्दल काही नव्हते. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिने बाबांना पहिल्या रांगेत बसवले.

इस्त्रीचा सदरा घालून आलेला तो म्हातारा माझ्या अगदी समोर होता. ओट्यावर ट्रक आला. आतले दिसावे म्हणून केबिनची एक बाजू कापून काढली होती. बाबा पुढे झुकले. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता, आणि तो हात हळूच गिअर बदलल्यासारखा हलला.

त्या दिवशी विनोद थंड पडत होते. इंजिनावर कुणी हसेना. मी पेटायचो, लोक नाइलाजाने दात दाखवायचे. हॉर्न घामाघूम झाला. कागद टायरांवर टाकून तो सरळ केबिनमध्ये चढला.

“या ट्रकात ड्रायव्हर झोपतो कुठे, सांगा?” त्याने स्टिअरिंगवर डोके ठेवले आणि घोरायला लागला. “इथेच!”

ताईचा अंगठा सवयीने दाबला गेला. मी पेटलो. हशा आला. हॉर्नला तेच हवे होते.

“आणि मागच्या बाकावर जो झोपतो, त्याची तर मजाच,” तो मागे बोट दाखवत म्हणाला. “त्याला परत कुणी उठवायलाच लागत नाही!”

मित्रांनो, मी वाट बघत होतो. खाली ताईचा अंगठा बटणावर होता, पांढरा पडलेला. तिने बटण दाबले नाही. मी काळा राहिलो. क्षणभर सगळीकडे शांत होते, आणि मला वाटले, आता सगळ्यांना कळेल.

मी पेटलो नव्हतो, तरी लोक हसले. त्या स्टुडिओत तसा हशा मी कधी ऐकला नव्हता. माणसे पोट धरून, एकमेकांच्या खांद्यावर थापा मारून हसत होती. त्यांना आता माझी गरजच उरली नव्हती.

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. आणि मग तेही हसले. शेवटी शिट्टीसुद्धा वाजली. डोळे मात्र केबिनच्या मागच्या बाकावरून हलले नाहीत.

रेकॉर्डिंग थांबताच ताई बटण खाली ठेवून हॉर्नसमोर जाऊन उभी राहिली. तो केबिनमधून उतरत होता.

“ते वाक्य काढून टाका.”

“कुठलं? बाकाचं? अगं, आजचा सगळ्यात मोठा हशा आहे तो! तू बटण दाबायला विसरलीस तरी आला.”

“विसरले नाही. दाबलं नाही. पहिल्या रांगेत माझे बाबा आहेत. ट्रक चालवायचे. मागच्या बाकावर माझा काका होता.”

हॉर्न पडलेल्या आवाजात म्हणाला, “पण ताई, सगळेच हसत होते गं. तेही हसले असतील ना?”

“हसलो ना साहेब.” बाबा मागून येऊन उभे होते. ताई त्यांचा हात धरायला गेली, तो त्यांनी हळूच बाजूला केला. “सगळे हसत असताना मी एकटाच गप्प बसलो असतो, तर शेजारच्यांनी वळून बघितलं असतं. त्यांना कळलं असतं.”

“काय कळलं असतं?” हॉर्नने विचारले.

“की तो ड्रायव्हर मीच.”

वायरी गुंडाळणारा माणूस गुंडाळायचा थांबला.

“असले विनोद आम्हीही मारायचो,” बाबा म्हणाले. “ड्रायव्हर लोक काय सोवळे असतात होय? याच्याहून वाईट मारायचो. पण समोर कोण बसलंय ते बघून.”

“मला समोरचं दिसतच नाही हो,” हॉर्न म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या तोंडावर मोठाले दिवे सोडलेले असत. समोर त्याला नुसता अंधार दिसे, आणि अंधारातून हसू आले की तेवढ्यावरून माणसे आहेत असे समजायचे.

“मग ते दिवे जरा फिरवून घ्या,” बाबा म्हणाले आणि ताईला म्हणाले, “चल, घरी जाऊ.”

हॉर्नने ते वाक्य खरोखर काढायला लावले. पुढचे काही आठवडे प्रेक्षकांवरही थोडा उजेड ठेवला. एखादा विनोद ओठांवर आला की तो समोर बघायचा, अडखळायचा आणि गाडीच्या टायरांकडे वळायचा. मग लोक म्हणू लागले की हॉर्नची बॅटरी उतरली. निर्मात्याचे तोंड आंबट झाले. दिवे पुन्हा पहिल्या जागी गेले, आणि हॉर्नही पुन्हा पहिल्याच वाटेला लागला.

पण घोड्याने पेंड खाल्ली ती दुसरीकडेच. वाक्य काढले, हसू कुणी काढले नाही. इतके खणखणीत हसू फेकून कसे द्यायचे? संकलकाने ते जपून ठेवले आणि दुसऱ्याच एका विनोदाला चिकटवले. तो विनोद गाडीच्या वायपरवरचा होता, अगदी निरुपद्रवी. मग जेव्हा जेव्हा प्रेक्षक थंड असत, तेव्हा तेव्हा ते हसू वापरले जाऊ लागले.

ताईला हे ठाऊक नव्हते. बाबांनी ओळखले. एका आठवड्याला टीव्हीसमोर बसलेले असताना हशा उसळला, हशाच्या शेवटी बारीक शिट्टी वाजली, आणि बाबा म्हणाले, “हा मी.” त्यांनी उठून टीव्ही बंद केला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी ताई माझ्याखाली बसून डबा न उघडता रडली. “एकच हसू होतं गं घरात,” ती मेकअपवालीला म्हणाली. “तेही यांनी वापरून टाकलं.”

पुढे स्टुडिओत चकचकीत पडदे आले आणि माझी रवानगी टायरांच्या खोलीत झाली. माझ्या काचेवर धूळ बसली, एका कोपऱ्याला तडा गेला. सलाम ठोकणाऱ्या हॉर्नला माझी आठवणही झाली नाही. ताईने मात्र नोकरी सोडताना मलाच मागून घेतले. घरी बाबांनी विचारले, “हे भंगार कशाला आणलंस?”

“राहू द्या,” ती म्हणाली. “त्या दिवशी एकट्या यानेच माझं ऐकलं होतं.”

तिने मला बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर टांगले. वायर जोडली नाही. कित्येक महिने मी त्या म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत होतो. तुम्हाला सांगतो, ज्याच्या कपाळावर ‘हसा’ लिहिले आहे त्याने अशा पाठीकडे बघत राहणे फार वाईट.

मग एका संध्याकाळी ताई बातम्या शोधत असताना टीव्हीवर त्या कार्यक्रमाचा जुना भाग लागला. वायपरचा विनोद झाला आणि ते हसू आले. शिट्टी वाजली. ताईने घाईने रिमोट उचलला.

“राहू दे,” बाबा म्हणाले. ते वळले होते. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुझा काका काय म्हणायचा, माहितीय?”

ताईने रिमोट खाली ठेवला.

“मला झोप यायला लागली की म्हणायचा, दादा, तू फक्त गाडी चालव, तुझ्या वाटच्या जांभया मी देतो. आणि द्यायचा गं! हा एवढा आ वासून, एकीवर एक. मला इतकं हसू यायचं की झोप पळून जायची.” त्यांनी भावासारखा जबडा फाकून दाखवला. “त्या पहाटे मीच त्याला म्हटलं, तू दमलायस, जा, पड जरा.”

ताई हसली आणि हसता हसताच रडायला लागली. बाबाही हसत होते, डोळे पुसत होते, आणि शेवटी ती शिट्टी वाजली. माझ्या पोटात वीज नव्हती, तरी माझा पत्रा तडतडला.

मित्रांनो, थट्टा कुठवर करावी, हे मला अजून नीट कळलेले नाही. तोच ट्रक, तोच बाक, तीच झोप. एका विनोदाने म्हाताऱ्याचे हसू नेले आणि दुसऱ्याने परत आणले. मी यावर अजून विचार करतो आणि मला चैन पडत नाही. पण एक गोष्ट मी वर टांगल्या टांगल्या नक्की पाहिली आहे. त्या दिवशी बाबांच्या शेजारी बसलेल्यांपैकी एकानेही मान वळवून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले नव्हते. माझ्या काचेवर एकच शब्द मावला. जागा असती तर मी रंगाऱ्याला आणखी थोडे लिहायला सांगितले असते: हसा, पण आधी शेजारी बघा. तेवढे माझ्यासाठी तुम्ही लिहून घ्या.