कोपरा धरणारी माणसं

मी एक जुनी लाकडी ढकलगाडी आहे, मित्रांनो, आणि सध्या रुळांपासून चार हात लांब चिखलात पडून आहे. मला चाकं नाहीत. त्यामुळे मला गाडी म्हणावं की बाकडं, असा प्रश्न गावातल्या कोंबड्यांना पडला होता. त्यांनी बाकडं ठरवून टाकलं आणि त्या माझ्यावर खुशाल झोपतात. एके काळी मात्र केब्रादा ओंडा गावात माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

आमच्या गावाला रस्ता नाही. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि मधून कोलंबियाच्या किनाऱ्याकडे उतरणारा एकेरी रेल्वेमार्ग. त्यावरच्या गाड्या बंद पडल्या, स्टेशनमास्तर स्टेशनची घंटा काढून घेऊन गेला आणि गँगमन निकानोरची नोकरी गेली. माणसं तेवढी राहिली, ती कुठे जाणार? मग निकानोरने सडत पडलेल्या मालडब्याच्या तळाच्या फळ्या काढल्या, मोडक्या ट्रकच्या बेअरिंगांची चाकं बसवली आणि मी जन्माला आले. माझ्यावर उभं राहून लांब बांबूने रुळांखालच्या स्लीपरांना रेटा दिला की मी धावायची. लांबून तो माणूस झाडूवर स्वार झाल्यासारखा दिसे, म्हणून लोकांनी माझं आणि माझ्यामागून गावात झालेल्या अशा गाड्यांचं नाव चेटक्या ठेवलं. मला काही ते नाव टोचलं नाही.

मी अननस वाहिले, मासे वाहिले, नाताळात वाजवायचा लाकडी पट्ट्यांचा बाजा, मारिंबा वाहिला आणि शाळेची जाडजूड मास्तरीण तर रोज वाहिली. निकानोरची बायको दोमितीला हिला दम्याचा जुना त्रास होता. दर मंगळवारी तो तिला माझ्यावर बसवून खालच्या गावातल्या दवाखान्यात न्यायचा. वाटेतला चढ लागला की ती म्हणायची, तू धापा टाकतोयस, मग दवाखान्यात नक्की कुणाला दाखवायचं? तो हसायचा आणि त्याचा बांबू हुकायचा.

आता आमची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. रूळमार्ग एकेरी. दोन गाड्या समोरासमोर आल्या, की जिच्यात ओझं कमी ती खाली उतरायची. पण तिला उतरवायचं दोघांच्याही माणसांनी, चार कोपरे चौघांनी धरून. भरलेली गाडी पुढे जाऊन थांबायची, तिची माणसं मागे चालत यायची आणि उतरवलेली गाडी पुन्हा रुळांवर ठेवून मगच आपल्या वाटेला लागायची. पाऊस असो, घाई असो, बोलचाल बंद असो, यात बदल नाही. बाळंतिणीला आणि मयताला मात्र कुणीही कधी उतरायला लावत नसे. एकदा मी अडलेली बाई घेऊन चालले होते आणि समोरून लग्नाची वरात आली. तेव्हा नवरीने स्वतः झगा खोचून आपल्या गाडीचा कोपरा धरला होता. मला तिचा फार अभिमान वाटला.

नोकरी गेली, तरी निकानोरची सवय काही गेली नाही. अठरा वर्षं तो दर सोमवारी पाना घेऊन निघायचा, सैल बोल्ट आवळायचा, रुळांमधलं गवत काढायचा. बिनपगारी साहेब म्हणून लोक त्याला चिडवायचे. शेजारचा हासिंतो म्हणायचा, काका, गाडी आली की मला गार्ड करा, मला शिट्टी छान येते.

आणि एक दिवस खरंच एक इंजिनियर आला. धबधबे, बोगदे, दाट जंगल बघायला शहरातले लोक येतील, त्यांच्यासाठी दर शनिवारी एक खास गाडी सुरू करायची होती. बाकी मार्गाची माती झाली होती. आमच्या गावाजवळचे रूळ पाहून तो चकितच झाला. हे कुणी सांभाळलं, असं त्याने विचारलं. निकानोरने पुढे होऊन आपला पाना दाखवला. गाडी इथे पंधरा मिनिटं थांबेल, तुमच्या बायकांना चार पदार्थ विकता येतील, असं इंजिनियर म्हणाला. चेटक्या मात्र रुळांवर दिसता कामा नयेत. इतर दिवसांचं काय, असं निकानोरने विचारलं. ते बघू नंतर, असं उत्तर मिळालं.

निकानोरने घरोघर जाऊन लोकांची समजूत घातली. गाडी आपल्यापेक्षा भरलेली, तेव्हा उतरायचं आपणच, यात वावगं काय? गावाला ते पटलं. दोमितीलाला पटलं नाही.

"तुम्ही उतरणार ते कळलं. पण ते मागे येऊन कोपरा धरणार का, हे विचारलंस त्याला?"

"अगं, रेल्वेची माणसं आहेत ती. त्यांना का रीत शिकवायची?"

"तू रेल्वेचा होतास म्हणून सगळी रेल्वे तुझ्यासारखी नसते, बाबा," ती म्हणाली आणि केळी सोलायला बसली.

पहिल्या शनिवारी बायकांनी पहाटेपासून मासे आणि केळ्याच्या चकत्या तळल्या. निकानोरने जुना गणवेश घातला, त्याची बटणं लागत नव्हती. मला खाली उतरवून तो माझा कोपरा धरून उभा राहिला. लाल-पिवळी गाडी आली, फार देखणी होती. तिने वेग कमी केला, काचांमागून लोकांनी आमचे फोटो काढले आणि ती निघून गेली. वळणापर्यंत सगळे बघत राहिले. उशीर झाला असेल, पुढच्या वेळी थांबतील, असं निकानोर म्हणाला. मासे गार झाले. दोमितीलाने ते शेजारीपाजारी वाटून टाकले.

सोमवारी कंपनीचा पहारेकरी आला आणि गावातल्या सगळ्या चेटक्यांची चाकं काढून पोत्यात भरून घेऊन गेला. माझी काढताना निकानोर शेजारी उभा होता. त्याने पहारेकऱ्याला आपला पाना दिला, कारण पहारेकऱ्याचा बसत नव्हता. तेव्हा मला निकानोरचा राग आला, मित्रांनो. त्याची कीवही आली.

आठवड्याचे सहा दिवस रूळ मोकळे पडून राहू लागले आणि दोमितीला मंगळवारी स्लीपरांवरून चालत दवाखान्यात जाऊ लागली. दोन तासांची वाट होती. मग ती अर्ध्यातून परतू लागली. मग जाईनाशीच झाली. पावसाळ्यात एका शुक्रवारी ती गेली.

दफनभूमी खालच्या गावात आहे. शनिवारी सकाळी शवपेटी खांद्यावर घेऊन माणसं रुळांवरून निघाली. गाडी जाऊ द्या, मग निघू, असं हासिंतो सुचवत होता. निकानोर ऐकेना. मयताला कुणी उतरायला लावत नाही, बघून थांबतील ते, असं त्याचं म्हणणं. माणसं माझ्याजवळ पोचली आणि वळणावर शिट्टी झाली. एकदा, दोनदा, मग लांबलचक. गाडी थांबत नव्हती. माणसं घाईने खाली उतरली आणि पेटी टेकायला कोरडी जागा नव्हती, म्हणून त्यांनी दोमितीलाला माझ्या फळ्यांवर ठेवलं. इतक्या मंगळवारांचं ते वजन मी लगेच ओळखलं.

गाडी गेली. खिडकीतल्या एका बाईने टोपी काढली, तेवढंच. माणसं पेटी उचलायला वाकली, तर निकानोरने हात आडवा केला.

"थांबा. येतील ते."

पाऊस पडत होता. तो पेटीचा कोपरा धरून वळणाकडे बघत होता आणि बाकीचे त्याच्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने हासिंतोने त्याच्या हातावर हात ठेवला.

"काका, आपणच चौघं आहोत. उचला."

मित्रांनो, जुने मार्ग पुन्हा सुरू व्हावेत, असं मलाही वाटतं. मी त्याच मार्गाची लेक आहे. तुम्हीही कधी अशा गाडीत खिडकीशी बसाल. धबधबे जरूर बघा. पण रुळांच्या कडेला कुणी माणूस उभा दिसला, तर त्याने तुमच्यासाठी काय खाली उतरवून ठेवलंय, तेही बघा. गाडी पुढे कुठे थांबली, तर तेवढं मागे चालत या. कोपरा धरायला फार ताकद लागत नाही.

निकानोर आता पाना घेऊन जात नाही. शनिवारी तो कोंबड्या हाकलून माझ्यावर येऊन बसतो, आणि गाडी गेल्यावरही थोडा वेळ वळणाकडे बघत राहतो.