कोरं पाणी

मूठभर काळी भुकटी.

गुलाबांची फुलं छापलेलं पातळ प्लास्टिक. जेवताना जमिनीवर अंथरायचं, मग खरकट्यासकट गुंडाळून फेकायचं.

डॉक्टर कामरानींचा बाविसावा शोधनिबंध. एकविसाव्यात भुकटीवर एक लेप होता. यात दोन.

इराणमधलं शिराज. लिंबाच्या रसाची बाटली, पिवळ्या झाकणाची.

या चौघांची मोट फरानक गेली चार वर्षं बांधत होती, आणि त्याबद्दल सोमवारी तिला पीएचडी मिळायची होती. प्लास्टिक मऊ करायला कारखाने जे रसायन घालतात ते रसात उतरलं असेल, तर भुकटीला चिकटतं. भुकटी ढवळायची, चुंबक बुडवून वर काढायची, धुवायची, यंत्रात मोजायचं. उघड्या चुंबकाला मात्र ती अशी डसते की खरवडूनही निघत नाही. म्हणून चुंबकाला ते जेवणाचं प्लास्टिक गुंडाळायचं. शक्कल डॉक्टरांची. स्वतःच्या निबंधात त्यांनी तिला ‘स्वस्त आणि सुलभ’ म्हटलं होतं.

प्लास्टिक शोधायला प्लास्टिक! आणि विद्यापीठात आपल्याखेरीज कुणाला अक्कल नाही असं मानणारी फरानक ते निमूट गुंडाळत आली होती.

गेल्या आठवड्यात तिने प्लास्टिक न गुंडाळता चुंबक काचेच्या भांड्याला बाहेरून लावला. कोऱ्या पाण्यात, म्हणजे रसाशी तुलनेला घेतलेल्या शुद्ध पाण्यात, काही निघालं नाही. रसात निघालं. भरपूर.

रस हाजीआगांच्या कारखान्यातला. संशोधनाला पैसा त्यांचाच, आणि ‘तपासलेला, शुद्ध’ अशी लेबलं छापूनही झाली होती. आज ते डॉक्टरांच्या खोलीत दातांत खडीसाखर धरून चहा पीत बसले होते.

“खानम, चार वर्षं माझा रस शुद्ध होता. आता काय लिंबं नासली?”

“लिंबं उत्तम आहेत, हाजीआगा. खोट बाटलीत आहे की पाइपात, ते तुमच्या कारखान्यात येऊन शोधते.”

“फरानक!” डॉक्टरांनी पेला आपटला.

“कोऱ्या पाण्यातच रसाएवढं निघायचं, डॉक्टर. तुम्ही ते वजा करायचात. उरलं शून्य. त्या शून्यावर तुम्ही प्राध्यापक झालात.”

“वजाबाकी जगभर करतात, पोरी.”

“जगभर चुंबकाला जेवणाचं प्लास्टिक नेसवत नाहीत.”

हाजीआगा खो-खो हसले. “डॉक्टर, ही विद्यार्थिनी की सासू?”

डॉक्टर हसले नाहीत. “सोमवारी जुने आकडे दाखव आणि मिठाई वाट. नवे दाखवायचे असतील तर दुसरा गुरू शोध, पहिल्यापासून सुरू कर. आईला काय सांगशील?”

आईने सगळ्या नातलगांना जेवायला बोलावून ठेवलं होतं.

“सांगेन, प्रबंधावरून तुमचं नाव गेलं. तिला आवडेल.”

ती जिन्याकडे निघाली. डॉक्टरांची तिला कायम किळस यायची. आज त्या किळसेत तिचाही वाटा होता. ते गुलाबांच्या फुलांचं प्लास्टिक दर वेळी बाजारातून तीच निवडून आणायची. ती खालच्या मजल्यावर आली आणि ज्या प्राध्यापिकेची तिने वर्षानुवर्षं टिंगल केली होती, तिच्या दारावर टकटक केली.

दोन वर्षांपूर्वी, नवरोजला, इराणी नववर्षाच्या सणाला, हाजीआगांच्या घरी पाहुण्यांच्या सूपवर जो लिंबाचा रस वाढला, तो घरी पिळलेला होता, काचेच्या सुरईतला; पिवळ्या झाकणाची बाटली कुठेच नव्हती.