गॉगल कपाळावर

लवू पेंटरचा उभा जन्म गिरगावात सिनेमाचे बोर्ड रंगवण्यात गेला होता. सत्तावन साली जुहूच्या धावपट्टीवरच्या मोटार शर्यतीचं पोस्टर त्याच्याकडे आलं, तेव्हाही त्याने हिरोचाच नियम लावला: डोळे दिसलेच पाहिजेत. ड्रायव्हर फिरोजचा गॉगल त्याने कपाळावर चढवला आणि डोळे मोकळे ठेवले.

शर्यत भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी दारूवाला उखडले. "अरे लवू, शंभरच्या स्पीडला गॉगल वर? धुळीने आंधळा होईल तो! डोळे झाक, नायतर काम दुसऱ्याला देतो."

"साहेब, भिंती संयुक्त महाराष्ट्र समितीच्या घोषणांनी भरल्यात. त्यात माणूस थांबला तर डोळ्यांपाशीच थांबणार. झाकले तर हा फिरोज की तुमचा मेकॅनिक, कुणाला कळतंय?"

तरी काम जायच्या भीतीने लवू काळा रंग कालवू लागला, तेवढ्यात फिरोजच आला. पोस्टर पाहून तो म्हणाला,

"आठ वर्षं पेपरात नुसता माझा गॉगल छापून येतो, दारूवाला. आई विचारते, यात तू कुठला? हे असंच छापा. एक तिला द्या."

शर्यतीच्या रविवारी गिरगावातली मंडळी कठड्यावरून ओरडत होती, "गॉगल वर कर रे!"

गाडी सुटण्याआधी फिरोजने तो क्षणभर वर केला. पोस्टर पाहून जमलेली ती गर्दी बघून दारूवालांनी तिथेच लवूला पुढच्या वर्षाचं पोस्टर सांगितलं.