बोटवाले घेत नाहीत

अंदमानची कल्पना अवधूतची. "या वेळी चारूताईला आणि अनीशला घेऊनच जायचं," असं त्यानं साताऱ्यात जेवता जेवता जाहीर केलं आणि बुकिंगचं सगळं बायकोवर, मयूरीवर टाकून तो मोकळा झाला.

चारुशीला त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून सांगलीत ती आणि तिचा मुलगा अनीश, दोघंच. अनीश वीस वर्षांचा, अंगानं धिप्पाड, पण स्वमग्न. गोंगाट झाला की कान दाबून ओरडायला लागायचा. वाईच्या एका लग्नात बँड सुरू झाला तेव्हा तो असाच ओरडत मांडवभर पळाला होता. सगळे आपल्याकडंच बघतायत, असं तेव्हा मयूरीला वाटलं होतं. आता पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. बेटावरून बेटावर जायचं म्हणजे बोटीशिवाय गत्यंतर नाही. तिथं त्यानं तसंच केलं तर?

तिनं नवरा, मुलगी ज्ञानदा आणि स्वतः, तिघांचंच डिसेंबरचं बुकिंग केलं. मग सांगलीला फोन लावला. "ताई, बोटवाले अशा मुलांना घेत नाहीत हो. मी खूप विनवून बघितलं." अवधूतला सांगितलं, ताईंनाच जमत नाहीये.

ताई नुसत्या "बरं" म्हणाल्या. मयूरीला हायसं वाटलं.

दिवाळीनंतर ताईंचा फोन आला, "एकदा येऊन जा गं. तुझ्याकडं काम आहे." मयूरी गेली, तर चहा झाल्या झाल्या ताई तिला आणि अनीशला घेऊन कृष्णेच्या घाटावर आल्या. तिथं धुळा नावाडी वाटच बघत होता. अनीशनं आपलं आपण लाईफ जॅकेट चढवलं, नावेत पाय ठेवला आणि मागं वळून हात पुढं केला. "मामी, ये."

इंजिन धडधडायला लागलं. मयूरीनं धास्तीनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं कानांवर हात नेले, आईकडं बघितलं, आणि हात पुन्हा मांडीवर ठेवून पाण्याकडं बघत बसला.

"पयल्यांदा लय आरडायचा," धुळा म्हणाला. "ताईंनी महिनाभर रोज आणला. आता बगा की, कसा शाण्यावानी बसतोय."

ताईंनी आपला मोबाइल मयूरीच्या हातात दिला. "याचा नीट व्हिडिओ काढ. माझा हात हलतो. आणि त्या बोटवाल्यांना पाठव. एकदा बघितलं की नाही म्हणणार नाहीत ते."

मयूरीनं मोबाइल धरला. पडद्यावर अनीश हसत होता. "पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील," तो स्वतःशीच म्हणत होता. ताईंनी हे महिनाभर रोज केलं, न विचारलेल्या परवानगीसाठी. मयूरीचे कान तापले. पाठवते म्हणून घरी निघून जाणं सोपं होतं. तिनं मोबाइल खाली घेतला.

"ताई, बोटवाल्यांना मी विचारलंच नव्हतं. मीच... मला लोकांची लाज वाटली."

ताईंनी तिच्या हातातला मोबाइल काढून घेतला. मग धुळाला म्हणाल्या, "नाव मागं घ्या."

नाव वळताच अनीश कावराबावरा झाला. "पलीकडं! पलीकडं!" तो ओरडायला लागला. रोजच्यासारखं पलीकडच्या काठावर, सांगलवाडीला टेकून यायचं, एवढंच त्याला माहीत होतं. ताईंनी डोळे मिटले. "चला, पलीकडंच चला," त्या म्हणाल्या. आणि मयूरीला, जिच्यापासून त्यांना उठून जायचं होतं, तिला समोर बसवून त्यांनी जाऊन-येऊन सगळी नदी पार केली.

घाटावर उतरल्यावर मयूरी म्हणाली, "मी आजच दोघांची तिकिटं काढते."

"नको. त्याला मी नेईन कधीतरी. तुझ्याबरोबर नाही. खरं सांगितलं असतंस, तर मी घरी बसले असते गं. याला बोटीचं वेड तरी लावलं नसतं."

घरी येऊन तिनं अवधूतला सगळं सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही. त्यानंही ताईंना विनवलं. त्या बधल्या नाहीत. शेवटी ज्ञानदाच्या हट्टापायी तिघं गेले.

हॅवलॉकला अवधूतनं सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. ताई त्याच्याशी बोलल्या, ज्ञानदाशी हसल्या. मयूरी नारळाच्या झाडाआड चपलांमधली वाळू झटकत राहिली. मग अनीशचा आवाज आला, "मामी कुठंय? मामीला दाखव!"

अवधूतनं फोन तिच्याकडं वळवला. अनीश आनंदानं हात हलवत होता. त्याच्या मागची ताईंची खुर्ची रिकामी होती.