डावीकडचा सूर

त्या घरातल्या बैठकीच्या खोलीत एक खुर्ची होती आणि तिच्या चारही पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा होत्या. खुर्ची बोटभर सरकली तरी घरधन्याला कळायचं. आयुष्यभर स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलेला माणूस तो. समोर कमरेएवढे दोन स्पीकर, मधे अँप्लिफायर आणि टेपचं यंत्र. गाणं ऐकायचं तर आधी अँप्लिफायर तापू द्यायचा, पंखा बंद करायचा, खुर्चीत ताठ बसायचं आणि कुणी शिंकायचं नाही. गल्ली त्याला कानसेन म्हणायची. टोपणनाव चेष्टेतलं होतं, पण स्वारी ते पदवीसारखं मिरवायची.

अशा घरात लेकीने आईसाठी मुठीत मावणारा स्पीकर आणला. तोंडाने नुसतं सांगितलं की तो गाणं लावायचा. आई त्याला स्वयंपाकघरात न्यायची, गच्चीत न्यायची आणि भांडी घासताना त्याच्याबरोबर खुशाल गायची. तीस वर्षांत एवढ्या मोकळ्या गळ्याने ती गायली नव्हती. कानसेनाला मात्र गळा ऐकू येईना, फक्त डबडं ऐकू येत होतं.

"याला गाणं म्हणतात? हा गाण्याचा ओळखपत्रावरचा फोटो आहे," तो म्हणाला.

"असू दे. तुमच्या खुर्चीत बसून भांडी घासता येत नाहीत."

"अगं, वाद्यं कुठे, गाणारे कुठे, सगळा एकच गोळा येतोय."

"म्हणूनच बरं वाटतं," ती म्हणाली. "त्यात कुणी डावीकडे नसतं, कुणी उजवीकडे नसतं."

हे मात्र त्याला लागलं. तीस वर्षांपूर्वी ती वीस जणींच्या वृंदात गायची. त्यांच्या कार्यक्रमाची टेप त्यानेच केली होती, आणि मग याच खोलीत वृंद चालवणाऱ्या ताईंना त्या खुर्चीत बसवून ऐकवली होती. एक आवाज सारखा उतरत होता. "डाव्या टोकाचा आवाज आहे," त्याने ठणकावून सांगितलं होतं. कार्यक्रमात, समोरून बघताना, डाव्या टोकाला त्याची बायकोच उभी होती. तो हे बोलला तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने गाण्याच्या नावाने कानाला खडा लावला, आणि ती टेप कपाटात गेली ती गेलीच.

आता वृंदाला पन्नास वर्षं होत होती. पुन्हा गायला ये म्हणून ताईंचा फोन आदल्याच दिवशी आला होता आणि हिने नाही म्हणून सांगितलं होतं. शनिवारी तालीम होती.

"एकदा खुर्चीत बस," तो म्हणाला. "घोडामैदान जवळच आहे. डबडं सरस आहे असं तू म्हणालीस, तर हे दोन्ही स्पीकर माळ्यावर टाकतो. बोल, काय लावू?"

त्याला पक्की खात्री होती. तिने हात पुसले, ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आमची टेप."

तो क्षणभर घुटमळला. पण दिलेला शब्द परत घेणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने टेप शोधली, पुसली आणि लावली.

आधी सभागृहातलं खोकणं-खाकरणं आलं. मग पियानो सुरू झाला, इतका जवळून की वाजवणारीचं नख पट्टीवर आपटलेलं कळावं. बायकोने डोळे मिटले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. डावीकडून तो आवाज उतरला. ती हलली नाही.

"पियानो डावीकडे का वाजतोय?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"डावीकडेच असणार."

"नाही हो. डावीकडे मी होते. पियानो पार त्या टोकाला, ताई स्वतः गात उभ्या असायच्या तिथे. मला तो ऐकूच यायचा नाही, म्हणून मी ताईंच्या हाताकडे बघून गायचे."

त्याने यंत्रामागे वाकून वायरी पाहिल्या. बरोबर होत्या. मग त्याला ती संध्याकाळ आठवली. मंचावर चढून, सभागृहाकडे तोंड करून, त्याने दोन माइक लावले होते आणि मंचावरूनच डावं-उजवं ठरवून वायरींना चिठ्ठ्या डकवल्या होत्या. ऐकणारे मात्र समोर खाली बसतात, मंचावरचं डावं ते त्यांचं उजवं. पहिल्या वर्षाच्या उमेदवाराने केली तर कान पिळावा अशी चूक, आणि ती खुद्द त्याची. त्या दिवशी या खोलीत सगळे बेसूर शोधण्यात गुंग होते, पियानोकडे कोण बघणार? त्याच्या कानावर शंका तर कुणी घेतलीच नव्हती.

"उजवीकडे ऐक," तो कसाबसा म्हणाला.

उजव्या टोकाला एक भरीव, सरळ आवाज होता. ओळ सुरू व्हायच्या आत नाकाने घेतलेला छोटा श्वास, आणि मग सूर, खुंटीला टांगल्यासारखा पक्का. ती स्वतःला पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायची तिने घाई केली नाही.

"चूक माझी," तो म्हणाला. "तीस वर्षं."

"हो," ती म्हणाली. तिला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही. "ताईंना फोन लावा. मी नाही, तुम्ही सांगायचं."

त्याने लावला. वायरी, चिठ्ठ्या, मंच, सगळं सांगितलं, एकही सबब न देता. टेपवर गाणं चालूच होतं, आणि डावीकडे, पियानोला चिकटून, तो आवाज पुन्हा एकदा उतरला. पियानोशेजारी उभं राहून कोण गायचं, हे खोलीतल्या दोघांनाही ठाऊक होतं.

"मग बेसूर कोण होतं?" ताईंनी विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने खुर्चीतून उठून फोन त्याच्या हातून घेतला.

"ते राहू दे, ताई," ती म्हणाली. "शनिवारी मी कुठल्या टोकाला उभी राहू, तेवढं सांगा."