मंजूर झालेलं लंगडणं

वर्षालीचं अंग दुखायचं म्हणजे कसं, तर खांद्यावर ओढणी टाकली की कुणी कांद्याचं पोतं टाकल्यासारखं. तपासण्यांसाठी तिचं एवढं रक्त काढलं गेलं, की घरातले डास उपासमारीला कंटाळून शेजाऱ्यांकडं राहायला गेले. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. त्या एका शब्दानं तिचा घात केला. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढं पाठ झालं. "नारमल हाय म्हनं. मग भाकरी कोन थापनार, रिपोर्ट?"

चाकणच्या कंपनीत ती गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायची, अख्खी शिफ्ट उभ्यानं. तयार जुड्या तपासायच्या टेबलाशी खुर्चीवर बसून काम मिळालं तरच नोकरी टिकणार होती. सुपरवायझर सुजितला तिनं पुन्हा विचारलं.

"ताई, हात शाबूत, पाय शाबूत. दुखतंय कुठं ते तरी दाखवा."

"सगळीकडं."

"सगळीकडं म्हणजे कुठंच नाही, राव!"

सगळी लाइन हसली.

शेवटी एका डॉक्टरनं दुखण्याचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. ते एवढं लांब, की घरी पोचेपर्यंत निम्मं बसमध्येच सांडलं. त्यांनीच तिला फिजिओथेरपीला सादिका मॅडमकडं धाडलं.

"तुमच्या कंपनीबाहेर गाड्या उभ्या असतात ना?" मॅडम म्हणाल्या. "एखादीचा अलार्म बिघडला की टपावर मांजर बसलं तरी कोकलते. इंजिन नॉर्मल, काचा नॉर्मल. म्हणून कोकलणं खोटं का? तुमच्या नसांचं तसं झालंय."

"मग बंद करा की, मॅडम."

"एकदम नाही होत. समजूत घालावी लागते. रोज थोडं चालायचं. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, दुखलं म्हणून सुट्टी नाही."

वर्षाली कामावरून आल्यावर घराजवळ, चिखलीच्या रस्त्यावर चालू लागली. सुरुवातीला पावलागणिक मॅडमना शिव्या दिल्या. मग हळूहळू झोप लागायला लागली, सकाळी बोटं जरा लवकर उघडायला लागली. आणि नेमका एका संध्याकाळी सुजित मोटरसायकलवरून तिच्या शेजारून गेला.

"काय ताई, काल हवा खात निघाला होतात!" दुसऱ्या दिवशी तो लाइनवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "आणि आम्हाला म्हणे खुर्ची द्या. विसरा आता."

ती समजावत राहिली, की चालणं हेच औषध आहे. लोक असे हसले, जणू तिनं जिलेबीनं साखर उतरते म्हणून सांगितलं. घरीही तेच. "फिराया अंग दुखत न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी वर्षाली कंपनीच्या बसमधून लंगडत उतरली. डाव्या पायानं. सबंध अंगात तो एकच पाय बरा होता.

दुपारच्या आत खुर्ची मिळाली. सुजितनं स्वतः उचलून आणली. "पायाचं आहे म्हणून आधीच सांगायचं ना, ताई!" घरी सासूबाईंनी त्या धडधाकट पायाला तेल चोळलं, वर डोळ्यांत पाणी आणलं. एवढे लाड झालेलं पाऊल उभ्या चिखलीत दुसरं नसेल.

फक्त चालणं सुटलं. लंगडी बाई संध्याकाळी फिरायला कशी निघणार? झोप उडाली, बोटं आखडली, आणि वाकडं चालून कंबरेनं नवीन रडगाणं धरलं.

ती सादिका मॅडमकडं गेली. मॅडमनी दारातूनच पाहिलं. "हे काय? असं चालायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

बाहेर बाकावर कंपनीतली एक बाई मान आखडून बसली होती.

"सरळ चालून दाखवते, मॅडम," वर्षाली हळूच म्हणाली. "आधी तेवढं दार लावून घ्या."