बॅटरीच्या पाण्याचा चहा

सुप्याच्या आमच्या विहिरीचं पाणी त्या वर्षी इतकं मचूळ झालं होतं की चहात दूध घातलं की फाटायचं. आम्ही आपले कोराच प्यायचो, आणि कोणी विचारलं तर पित्ताला बरा असतो म्हणून सांगायचो. बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. त्र्याहत्तरच्या माघात गावात गोड पाण्याची एकच विहीर उरली होती आणि तिच्यावर हंड्यांची ही रांग.

नेमकी तेव्हाच आमच्या लेकीला, केशरला, बघायला कोल्हारची माणसं आली. न कळवता, सातजण. प्रवरेच्या काठची माणसं ती. मुलाच्या आईनं पाय धुता धुता चूळ भरली आणि तशीच थुंकून टाकली. "इकडं असंच पाणी का हो?" हे मी चुलीपुढून ऐकलं.

गोड पाण्याचा हंडा सकाळीच संपला होता. फळीवर हिरवट काचेची मोठी बाटली होती, बॅटरीच्या पाण्याची. आमची दुधाची पिकअप होती. गावोगावचे कॅन गोळा करून ती नगरला जायची. ड्रायव्हर गोरक्षनाथ, म्हणजे आमचा गोरख, त्या बाटलीला कोणाला हात लावू देत नसे. त्यानंच मला एकदा सांगितलं होतं, "वहिनी, हे वाफेचं पानी. ह्यात मीठ न्हाई, माती न्हाई, काईच न्हाई. बॅटरीचे लई नखरे." म्हटलं, काहीच नाही तर चांगलंच आहे की.

चहा फाटला नाही. मुलाच्या आईनं आणखी अर्धा कप मागून घेतला आणि म्हणाली, "पिण्याचं पाणी बरंय हो तुमचं." त्याच बैठकीत सुपारी फुटली. माणसं गेल्यावर मी बाटली आमच्या विहिरीच्या पाण्यानं भरली, बूच लावलं आणि फळीवर ठेवून दिली. रिकामी दिसली असती तर हे ओरडले असते. गाडीचं म्हणाल तर, लोखंडाच्या जिवाला पाण्याची काय चव, असं मला वाटलं. शाळेत मी गेले नव्हते हे खरं, पण ते कारण इथं पुढं करणार नाही.

महिनाभरात गाडी रुसायला लागली. रोज नाही, हेच तर वाईट. एका सकाळी अर्ध्या फेऱ्यात सुरू, दुसऱ्या सकाळी नुसतं 'टक्'. हॉर्न शेळीच्या करडासारखा. गोरखनं टर्मिनल खरवडली, व्हॅसलीन लावलं, अर्थिंगची वायर आवळली. ब्रेकलाइटचा खटका अडकून दिवा जळतच राहत होता, तो सापडला तेव्हा गोरखनं मला हाक मारून दाखवला. "सापडला चोर, वहिनी!" दोन दिवस गाडी बरी चालली. तिसऱ्या दिवशी पुन्हा टक्. मग तो रोज संध्याकाळी एकेक वायर सोडून ठेवायचा आणि सकाळी बघायचा. त्या दिवसांत तो जेवायचाही घाईघाईनं.

शेवटी ह्यांनी नगरहून राधाकृष्ण वायरमनला आणलं. सकाळची वेळ, आमच्या दारातल्या दूध संकलनावर पंचवीस-तीस माणसं. त्यानं बॅटरीची एक वायर काढली आणि मधे बारकासा बल्ब धरला. बल्ब पेटला नाही.

"गाडी करंट खात न्हाई," तो म्हणाला. "बॅटरीच आतल्या आत सपती. पानी कोन्तं घालता?"

मी घरातून बाटली आणून दिली. मीच. त्यानं तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब टाकले. चर्र झालं आणि मागे चुन्यासारखी पांढरी कडी राहिली.

"हे विहिरीचं हाय, आप्पासाहेब. बॅटरी गेली."

हे गोरखकडे वळले. "चांगलं पाणी कुठं विकलंस?"

"मी बाटलीत पानी भरलेलं न्हाई, आप्पा."

"मग पाणी आपोआप खारं झालं? चोर तो चोर, वर तोंड करून बोलतो!"

गोरखनं खिशातून किल्ली काढली, बॉनेटवर ठेवली आणि चालायला लागला. मी कॅनांच्या मागे उभी होते. साखरपुड्याला आठ दिवस होते. कोल्हारकरांना आपण काय पाजलं हे कळलं तर, एवढंच डोक्यात. पुढे त्यांना कळलंच, आणि विहीणबाई हसून हसून खोकल्या. पण त्या दिवशी मला ते कुठं ठाऊक?

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्याच्या घरी गेले. तो बाज आवळत बसला होता. त्याची बायको राहीबाई दारातच म्हणाली, "या मालकीणबाई. आता काय न्यायचं ऱ्हायलं?"

"गोरख," मी म्हटलं, "ते पाणी मी बदललं. पाहुण्यांच्या चहाला घेतलं होतं."

राहीबाईला आधी हसूच फुटलं. "अगं आई! बॅटरीचं पानी पाजलं व्याह्यांना?" मग नवऱ्याकडे बघून तिनं पदर तोंडाला लावला.

गोरखनं दोरी सोडली नाही. "आप्पांना सांगितलं?"

"नाही अजून."

"मग मला कशापायी सांगता, वहिनी? मी केलं न्हाई हे मला ठावंच हाय. सगळ्या सुप्यात तेवढं मला एकट्यालाच ठावं हुतं."



दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला सगळे जमले तेव्हा मी पुढे झाले. डोक्यावरचा पदर सावरला आणि मोठ्यानं सांगितलं, "बाटलीतलं पाणी मी काढलं. कोल्हारकरांच्या चहासाठी. गोरखचा काही दोष नाही."

मग मापं घालणारा काकासाहेब म्हणाला, "म्हंजे नवरदेवाला आता किल्ली मारूनच मांडवात आणायचा का?" हसता हसता एकाच्या हातची किटली कलंडली. मीही हसले असते, पण तोंड वळेना.

ह्यांचे कान लाल झाले होते. "हे घरी सांगता आलं नसतं?" दबक्या आवाजात म्हणाले.

"त्याला चोर घरात म्हणाला होतात का?"

हे गाडीत जाऊन बसले. नवी बॅटरी अजून यायची होती, म्हणून हसणाऱ्यांनीच धक्का मारला. मीही मागच्या फळीला हात लावला. गाडी गोरखच्या घराकडे वळली.

तासाभरानं हे परत आले, एकटेच. पुन्हा सुरू होणार नाही म्हणून गाडी चालूच ठेवून उतरले.

"माफी मागितली मी," म्हणाले. "तो म्हणाला, 'मनात काई न्हाई, आप्पा. पन उद्या घरातलं काई हाललं तर तुमची नजर पयली माझ्याकडंच येईल.' मी म्हटलं, नाही येणार. तर म्हणतो, 'तुमची न्हाई यायची कदाचित. वहिनींची?'"

हे माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले. इंजिन धडधडत होतं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्या सकाळी बॉनेटपाशी 'चोर' शब्द निघाल्यावर सगळ्यांनी गोरखकडे बघितलं, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही बघितलं होतं. अगदी त्यांच्यासारखंच.